मुरमाचा वाटा

लग्नाकार्यात कोणी विचारतं, "तुम्ही कुठल्या खात्यात?" मी "शेतकी" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग संकरित ज्वारीचं बियाणं काढून द्याल का?" नाही. बियाणं देणारे वेगळे, खत देणारे वेगळे. आम्ही मृदसंधारणवाले. आम्ही कोणाला काही देत नाही; जे आहे ते वाहून जाऊ नये एवढंच बघतो. हे ऐकलं की विचारणारा पंगतीची चौकशी करायला निघून जातो.

संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितल्यावर सवयीप्रमाणे मी आधी यादी केली. बदल्या, वरिष्ठ, पूर्ण झालेली कामं, अर्धवट राहिलेली कामं, लोकांनी मोडून टाकलेली कामं. शेवटचा रकाना सगळ्यांत लांब झाला. ती यादी छापण्यासारखी नाही. तेव्हा एकाच शेताबद्दल लिहितो. ते अजून जागेवर आहे, म्हणून.

आधी काम काय ते सांगून टाकतो. नागपूरच्या आसपासची जमीन सायकलवरून सपाट वाटते, पण तशी नाही. वर बरड, म्हणजे मुरमाचा उघडा माथा. मध्ये हलकी माती. खाली नाल्याकडे खोल काळी. माथ्यावर पडलेला पाऊस उताराने पळतो आणि पळताना माती नेतो. आम्ही डंपी लेव्हल नावाची तीन पायांवरची दुर्बीण लावतो, उतारावर एका पातळीत येणाऱ्या जागा शोधतो आणि तिथे चुन्याची आडवी रेघ मारतो. त्या रेघेवर मातीचा बांध. जास्तीचं पाणी जायला एका टोकाला सांडवा. बांधावर गवत. पेरणीसुद्धा त्याच रेघेने आडवी, म्हणजे तिफणीचा एकेक तास, मातीतली एकेक सरी, पाणी अडवतो. शास्त्र एवढंच. ते पटवण्यात सारी नोकरी गेली.

पटत नाही याला लोकांचा हट्ट हे एकच कारण नसतं. कामठीकडे माझी पहिली नेमणूक होती. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खोल काळ्या वावरात आम्ही ठरलेल्या मापाचा बांध घातला. पावसाळ्यात बांधामागे पाणी साचलं, हटेना, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडली. म्हातारा मला हाताला धरून घेऊन गेला.

"हे पाहा साहेब, तुमची म्हैस. पाण्यात बसून राहिली. उठत नाही, दूध देत नाही, वरून माही पऱ्हाटी खाते."

आणि माझ्यासमोर त्याने फावड्याने बांध फोडला. मी त्याचा हात धरला नाही. त्याचं बरोबर होतं. काळ्या जमिनीत सांडवा खाली ठेवावा लागतो, ही गोष्ट आमच्या वरिष्ठांना समजावण्यात मग आणखी काही पावसाळे गेले.

तोवर पाऊसच बदलायला लागला होता. जुनी माणसं झडीच्या गोष्टी सांगतात: दिवसदिवस बारीक पाऊस, सूर्याचं दर्शन नाही, अंगणात शेवाळ. झड जमिनीत मुरते. आता पाऊस येतो तो मारकुट्या बैलासारखा, एका दुपारी सगळं उलथून जातो आणि मग तोंड दाखवत नाही. मधल्या उघाडीत पीक माना टाकतं. धावून येणारं पाणी थांबवणं आणि थांबलेलं पाणी उघाडीपर्यंत पुरवणं, अशी दोन्ही कामं मग बांधांवर आणि मातीवर येऊन पडली.

आता ते शेत. हुडकेश्वरच्या पुढे, उमरेड रस्त्याच्या आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण माणसं हयात आहेत आणि दिवाळी अंक तिथेही जातो. शेत डोमाजींचं. डोमाजी नागपूरच्या मिलमध्ये पाळ्या करायचे. त्यातून त्यांनी मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जमीनदाराकडून, हा उतार विकत घेतला, माथ्यापासून नाल्यापर्यंत, आणि खालच्या टोकाला विहीर खोदली. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली. त्याआधी गावकीच्या कामाबद्दल त्यांच्या घराला दर सुगीत दुसऱ्यांच्या खळ्यावर जाऊन धान्य घ्यावं लागे. दीक्षेनंतर डोमाजी कोणाच्या खळ्यावर गेले नाहीत. लोकांनी घरी आणून दिलं तरी घेतलं नाही.

दुष्काळात कामं निघाली तेव्हा त्यांच्या उतारावर आम्ही बांध घातले. डोमाजी मजुरांबरोबर स्वतः टोपली उचलायचे. आडव्या पेरणीला मात्र आधी तयार नव्हते.

"बैल इचारतीन ना साहेब, आज मालकाले झालं काय म्हणून!"

"बैलांना मी सांगतो."

"सांगा मंग. माहं तं ते ऐकतच नाही."

पेरणी आडवी झाली. पहिल्याच चांगल्या पावसानंतर नाल्याला त्यांच्या शेतातून येणारं पाणी गढूळ नव्हतं. डोमाजी ओंजळीत घेऊन ते सगळ्यांना दाखवत हिंडले.

काही वर्षांनी डोमाजी गेले. त्यांना तीन मुलगे: थोरला नामदेव, मधला मारोती आणि धाकटा शिवराम. शिवराम बापाच्याही आधी तापाने गेला होता. मागे बायको कौसल्या आणि लहान मुलगी सुजाता. एका सकाळी मारोती सायकल हाणत माझ्याकडे आला.

"साहेब, वाटणी होऊन राहिली. बांध मोडा लागतीन. तुम्हाले सांगून मोडावं म्हटलं."

एवढा मान ठेवणारा माणूस माझ्या नोकरीत दुसरा भेटला नाही. मी लगेच निघालो.

आमच्या भागात वाटणी कशी होते ते सांगायला हवं. भाऊ उतार आडवा तोडत नाहीत. आडवा तोडला तर एकाला नुसता मुरूम आणि एकाला सगळी काळी. म्हणून दोर माथ्यापासून नाल्यापर्यंत उभा धरतात. प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी हलकी, थोडी काळी. कोणाला बोलायला जागा राहत नाही. पण अशी पट्टी लांब आणि अरुंद होते. तिच्यात बैल आडवे वळत नाहीत, मग तिफण वरून खाली चालते, प्रत्येक तास पाटासारखा होतो आणि पाणी पळतं. भावाभावांत अन्याय नको म्हणून केलेली ही वाटणी. असे किती उतार उघडे पडलेले मी पाहिले आहेत! कोणाला दोष द्यायचा?

शेतात पंच दोर घेऊन उभे होते. मी म्हटलं, "आडवं वाटा. वरची पट्टी रुंद करा, खालची अरुंद. बांध राहतील, आणि बांध राहिले तर विहीर राहील."

नामदेव म्हणाला, "म्हंजे एकाले पेढा न् एकाले गोटे?"

मारोती म्हणाला, "मुरमात काय पेरू गा साहेब, गिट्टी?"

पंच हसले. दोर पुन्हा उभा धरला गेला. तेवढ्यात विहिरीजवळच्या निंबामागून आवाज आला. कौसल्या डोक्यावरून पदर ओढून पाठमोरी उभी होती. नवऱ्याच्या थोरल्या भावांशी, म्हणजे भासऱ्यांशी, सुनेने थेट बोलायचं नाही असा रिवाज. म्हणून बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं, आणि सगळ्यांना ते नीट ऐकू येत होतं.

"साहेब, दादाजीले सांगा, वरचं मले चालते."

मी नामदेवकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तिले इचारा, खाईन काय?"

"म्हणा, मुरमावरचं गवत शेळ्या खातीन. शेळ्या मी खाईन."

मारोतीला हसू आवरेना. नामदेव गंभीर राहिला. "उद्या म्हणन, बाईमाणसाले फसवलं. मंग?"

"म्हणा, पंच आहेत, साहेब आहेत, निंब आहे. तिघं साक्षी."

अशी वाटणी झाली. वरचा रुंद मुरूम कौसल्येला, मधलं मारोतीला, खालची काळी आणि विहीर नामदेवला. मारोतीला विहिरीतून पाणी घ्यायचा हक्क मिळाला. कौसल्येला नाही. तिची जमीन विहिरीच्या वर, आणि मोटेचं पाणी काही चढत नाही, असं पंच म्हणाले. तेव्हा ते खरंही होतं.

मी टेप गुंडाळत होतो तेव्हा ती जवळ आली. मी म्हटलं, "बाई, विचार करून घेतलं ना?"

"घेतलं ना साहेब. खाली असती तं दोघंही आपापलं पाणी माह्या वावरातून काढून देते. मी एकटी कोणाकोणासंगं भांडू? आता माह्या वरतं कोणीच नाही."

हिशेब चोख होता. फक्त त्यात एक गोष्ट सुटली होती, आणि ती मलाही तेव्हा दिसली नाही. पाणी अडवायचं काम वर होतं आणि त्याचा फायदा खाली मिळतो.

कौसल्येने बांधांवर मारवेल गवत लावलं. मधून तूर, कडेने सीताफळ, बोर, निंब. फाल्गुनात गावभर धुऱ्यांवरचं, म्हणजे शेताच्या कडांवरचं, गवत पेटवायची रीत आहे. ती तिने आपल्या पट्टीत बंद केली. तुराट्या सरपणाला गेल्या तरी पालापाचोळा रानातच कुजू दिला. एरवी या विषयावर मी जिथे जिथे बोललो तिथे वाईट अनुभव. एकाने तोंडावर सांगितलं, "बिडी सोडा म्हटलं असतं तं एखादवेळी ऐकलं असतं. धुरा जाळणं नाही सोडत." कौसल्येचं कारण साधं होतं. गवत जाळलं तर शेळ्या काय खातील?

पाचसहा पावसाळ्यांत मुरमावर मातीचा काळसर थर दिसायला लागला. खाली नामदेवची विहीर चैतापर्यंत पाणी द्यायची. शेजाऱ्यांच्या विहिरी माघातच तळ दाखवायच्या. लांबलेल्या उघाडीच्या वर्षी नामदेवने पऱ्हाटीला एक पाणी दिलं आणि त्याचं पीक उभं राहिलं. गाव त्याला हुशार म्हणायला लागलं. वर कौसल्येकडे त्या वर्षी तुरीच्या चार पायल्या आणि शेळ्या.

मध्यंतरी शेतकी कॉलेजात एका तरुण प्राध्यापकांचं भाषण ऐकलं. गिरण्या आणि गाड्यांच्या धुराने साऱ्या पृथ्वीची हवा तापत चालली आहे, पावसाचा लहरीपणा वाढेल, असं ते म्हणाले. शेतकऱ्याने पाणी धरावं, झाडं लावावीत आणि काडीकचरा न जाळता मातीत मुरवावा. जे मातीत राहील तेवढं हवेत जाणार नाही. मी मागच्या बाकावर बसून टिपणं घेतली. पटलं. पण एक प्रश्न विचारायचा राहिला. हे सगळं करणारा वर राहतो आणि पाणी खालच्याच्या विहिरीत जातं. वरच्याने कशावर जगायचं? हात वर केला होता, पण चहा आला.

त्याचं उत्तर वेगळ्याच दिशेने आलं. शहर दक्षिणेकडे सरकत होतं. मनीषनगरच्या बाजूला प्लॉट पडले, मग हुडकेश्वरच्या रस्त्यावर पाट्या दिसायला लागल्या. काळ्या जमिनीवर घर बांधलं की भिंतींना तडे जातात. घराला मुरूम लागतो. एक दिवस दलाल स्कूटरवरून आला आणि नामदेवच्या काळ्या वावरातून, मारोतीच्या वावरातून चालत थेट माथ्यावर गेला. ज्याला गोटे म्हणून कोणी हात लावला नव्हता, त्याच वाट्याला गिऱ्हाईक आलं.

नामदेवने मला निरोप धाडला. निंबाखाली खाट टाकली होती. मारोती होता. कौसल्या आपल्या जागी, निंबापलीकडे, पाठमोरी. आता तिचे केस पिकायला लागले होते. सुजाता नागपुरात नर्सिंगला शिकत होती.

नामदेव म्हणाला, "साहेब, तिले समजावा. मुरूम इकून राहिली."

मी विचारलं, "बाई, ठरलं का?"

"ठरलं नाही. पण साहेब, दादाजीले इचारा, मी काहून नाही इकू? त्या गोट्यात माहे हात गेले. पोरगी म्हणते, आई, आता पुरे."

मला तिला विकू नको म्हणायचं धैर्य झालं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होतो? मी त्या उताराचे बांध आखले होते, पण तिचे हात काही मी भरून देऊ शकत नव्हतो.

नामदेवने मला विचारलं, "तुम्ही खरं सांगा. वर घरं झाले तं माही विहीर आटन काय?"

"छपरं आणि डांबर पाणी मुरू देत नाहीत. पावसात सगळं एकदम खाली येईल, बांध तोडून तुमच्या वावरातून जाईल. उन्हाळ्यात विहिरीला काही उरणार नाही. मारोतीचंही तेच."

मग मारोती म्हणाला, "साहेब, तिले सांगा, आम्ही उपाशी ठेवून नाही राहिलो. दरसाल सुगीत खळ्यावर येजो म्हणा. गहू, ज्वारी, जे होईन त्यातलं देऊ. रास भरली का आगुदर तिचा वाटा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण निंबापलीकडून कौसल्या वळली. पदर डोक्यावर तसाच होता, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"खळ्यावर मी उभी राहू, मारोतीदादाजी? मामाजीनं खळ्यावर जाणं सोडलं, तवा तुम्ही केवढे होते? त्यायच्या सुनेनं टोपलं घेऊन त्यायच्याच पोरायच्या खळ्यावर यावं?"

मारोतीने मान खाली घातली. इतक्या वर्षांत ती भासऱ्याशी थेट बोललेली मी ऐकली नव्हती. बहुधा त्यांनीही नाही.

नामदेव माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "मंग पाह्यजे काय तिले?"

उत्तर त्यालाच मिळालं. "इहिरीत वाटा. सातबाऱ्यावर नाव. आता इजेची मोटार आहे, पाइप वर येते. उन्हाळ्यात सीताफळाले पाणी देईन, भाजी लावीन, पोरीले सांगीन, नोको येऊ मले न्याले."

"इहीर माह्या बापानं खोदली!" नामदेवचा आवाज चढला. तोही आता माझ्याकडे बघत नव्हता.

"खोदली मामाजीनं. भरते कोण, दादाजी?"

मी खाटेच्या कडेला बसून होतो. मला काही विचारलं जात नव्हतं आणि ते बरंच होतं. नामदेवने खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा टाकला. विहिरीपाशी गेला, आत डोकावला, परत आला. एकेकाळी त्याचा बापही असाच फेऱ्या मारायचा.

"तलाठी कधी बसते?" त्याने मारोतीला विचारलं.

"बाजाराच्या दिवशी."

मग तो कौसल्येकडे वळला. "सकाळी लवकर निघजो. एसटीले गर्दी राहते."

नाव चढलं. दलालाला तिने चहा पाजून परत पाठवलं. इथे थांबलो तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण माझ्या कामात गोष्टी अशा थांबत नाहीत. बाजूच्या शेताचा माथा दुसऱ्या कुटुंबाचा होता. त्यांनी विकला. त्यांच्याकडे खालची विहीर नव्हती आणि निंबाखाली बसून बोलणारंही कोणी नव्हतं. तिथे लेआऊट पडला, रस्ते झाले. या पावसाळ्यात एका दुपारच्या पावसात रस्त्यांवरचं सगळं पाणी आडवं फिरून कौसल्येच्या पट्टीत घुसलं. तिचा वरचा बांध फुटला. बांधामागे इतक्या वर्षांत साठलेली माती मारोतीच्या वावरात जाऊन पडली.

मी गेलो तेव्हा तिघंही माथ्यावर होती. मारोती फावडं मारत होता. नामदेवला आता दम लागतो. तो दगडावर बसून हुकूम सोडत होता.

"कौसल्ये, ते मारवेलचे ठोंब इकडं आण वं! तिकडं काहून लावून राहिली?"

"तुम्ही बसा ना दादाजी. बसल्या जागी माणूस लय शाहाणा होते."

मी दुर्बीण लावली. लेआऊटच्या बाजूने दुसरा बांध घालता येईल असं दिसत होतं, पण पाणी कुठून कुठून येणार याला हिशेब नव्हता. पुढे आणखी प्लॉट पडतील, आणखी छपरं होतील. मी हे स्पष्ट सांगितलं. आता खोटं सांगायचा कंटाळा येतो.

"बाई, हा बांध मोठ्या पावसात टिकेलच असं नाही."

कौसल्येने हातातले ठोंब खाली ठेवले, पदराने घाम पुसला आणि नव्या घरांच्या गच्च्यांकडे पाहिलं. एका गच्चीवर कपडे वाळत होते.

"फुटला तं पुन्हा घालू. तुम्ही रेघ मारा, साहेब. ऊन चढून राहिलं."

गुडघ्यावर हात ठेवून मी उठलो आणि चुन्याचं घमेलं उचललं.